पोचलो

मोबाइलची रेंज गेली की माणसं कावरीबावरी होतात. आमच्या दाजींचा चेहरा उजळतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वाईचे, गेली तीसेक वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. पोचल्याचं कळवल्याशिवाय आपण पोचलो असं ज्यांना वाटतच नाही, त्या जातीतले. एसटीडी बूथच्या काळात वाईहून पुण्याला गेले तरी स्वारगेटला उतरल्याबरोबर शेजाऱ्यांच्या फोनवर तीन रिंगा देऊन ठेवून द्यायचे. तीन रिंगा म्हणजे पोचलो. पाच म्हणजे पोचलो, पण डबा गाडीत राहिला. शेजारी भले गृहस्थ, ते तिसऱ्या रिंगला धावत येऊन उचलायचे आणि दाजींचे पैसे पडायचे. पण दाजींची आई तोवर ओसरीवरून उठायची नाही, हेही खरं.

अशा माणसाला आभाळातून निरोप धाडायची सोय मिळाली तर काय होईल? नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ वरून अमेरिकेत आणि कॅनडात थेट उपग्रहाकडे मदतीची हाक मारता येऊ लागली. दाजींनी चांगला चालणारा फोन मुलाला देऊन नवा घेतला. अडचण एवढीच झाली, की संकट येईना. दोन वर्षं हा माणूस डोंगरदऱ्या पालथ्या घालत हिंडला, पण साधा पायसुद्धा मुरगळला नाही.

मग त्यांना त्या फोनमधला सरावाचा भाग सापडला. त्यात मदतीची हाक जात नाही, पण उपग्रहाशी खरोखर जोडणी होते; फोन डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, असं पडदा सांगत राहतो. घरी आलेल्या पाहुण्याला हातातल्या वड्याच्या बशीसकट मागच्या अंगणात नेण्यात येऊ लागलं. दाजी फोन उंच धरून गोल फिरायचे, संकष्टीला चंद्र शोधावा तसे. "प्रिन्सिपल समजून घ्या. आभाळ मोकळं पाहिजे." आतून ताई विचारायची, "आलं का?" "आलं... आलं आलं... गेलं!" रविवारी रामायणाच्या वेळेला आम्ही कौलांवर चढून अँटेना फिरवायचो, तेव्हाचाच हा संवाद. पाहुण्याचा वडा गार.

२०२४ च्या सप्टेंबरात संकटाची अटही गेली आणि आयफोनवरून साधे मेसेजही उपग्रहातून जाऊ लागले. मग २३ जुलै २०२५ ला टी-मोबाइलने स्टारलिंकच्या साडेसहाशेहून जास्त उपग्रहांच्या जोरावर आपली सेवा सर्वांना खुली केली. महिना दहा डॉलर, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालेल. दाजी दुसऱ्याच कंपनीचे, तरी त्यांनी ई-सिम टाकून घेतलं. यात फोन फिरवावा लागत नाही, खिशातही चालतो. याचं दाजींना थोडं वाईट वाटलं असावं, कारण ते अजूनही उंचच धरतात.

"म्हणजे नेमकं होतं काय?" असं मी विचारलं, ही माझी चूक. "एसटी समज. तू स्टँडवर उभा आहेस. टॉवर जमिनीवरच रोवलेला असला पाहिजे असं कुठे लिहिलंय? हा टॉवर ३६० किलोमीटर वरून, तासाला २७ हजार किलोमीटरच्या वेगाने जातोय. तो डोक्यावर आला की चिठ्ठी टाकायची. चुकला तर मागून दुसरा येतो. पण स्टँडवर छप्पर नको. झाड नको, कडा नको, गाडीचा टपही नको."

गेल्या ऑक्टोबरात मी तिकडे होतो. दाजींनी सहल काढली ती नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाची, आणि रस्ता निवडला हायवे ५०, ज्याला १९८६ साली लाइफ मासिकाने अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं होतं. लोक रस्ता निवडताना पेट्रोल पंप बघतात. दाजींनी नकाशावर टॉवर कुठे नाहीत ते पाहिलं होतं. "पाच लाख चौरस मैलांत कुठल्याच कंपनीची रेंज नाही, असं टी-मोबाइलच सांगते. चार महाराष्ट्र बसतील!" हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं, की ती जमीन वडिलोपार्जित वाटावी.

फॅलन ते ऑस्टिन एकशे दहा मैल. मध्ये वाळू, ठेंगणी झुडपं आणि सरळ जाणारा डांबरी पट्टा. अर्ध्या वाटेवर दाजींनी करकचून ब्रेक दाबला. "गेली!"

"काय गेलं?" ताईचा हात आधी गळ्यातल्या मंगळसूत्राकडे.

"रेंज!"

खाली उतरले, टोपी सारखी केली, फोन वर धरला. उपग्रहाचं चिन्ह दिसल्यावर मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, एक शब्द पाठवला, 'पोचलो'.

"कुठे पोचलो? अजून निम्मा रस्ता आहे," ताई.

"रेंजच्या बाहेर पोचलो."

खिशातून लाल वही निघाली. ठिकाण, पाठवल्याची वेळ, गेल्याची वेळ. थोड्या वेळाने भाच्याचं उत्तर आलं, 'ओके'. दाजी दुखावले. "अरे, निरोप आभाळात जाऊन खाली आलाय, आणि हा नुसता ओके?" मग त्यांनी मलाही एक मेसेज पाठवायला लावला. कुणाला पाठवू? शेजारी उभ्या ताईलाच 'काय म्हणतेस?' असं लिहिलं. तिच्या फोनमध्ये दहा डॉलरवालं सिम नव्हतं, त्यामुळे तो तिला संध्याकाळी ईलीत रेंज आल्यावर मिळाला. ती म्हणाली, "काही नाही."

एवढ्यात रस्त्याकडेला सायकल टेकवून बसलेला एक पन्नाशीचा गोरा प्रवासी दाजींना दिसला. झालं! त्याला बोलावून फोन हातात दिला, घरी कळव म्हणाले. त्याने बायकोला चार शब्द लिहिले. तो लिहीत असताना दाजी पाठ करून उभे राहिले आणि नंतर उत्तर येईपर्यंत त्या उन्हात त्याच्याबरोबर थांबले. उत्तर वाचून तो हसला आणि आम्हालाही दाखवलं. कुत्र्याला फिरवून आणलं, एवढंच होतं. दाजींना ते भाच्याच्या ओकेपेक्षा कितीतरी आवडलं. वहीत त्याचीही नोंद झाली.

रात्री बेकर गावात, चांदण्यांखाली, दाजी म्हणाले, "पुढच्या वेळी हे घेऊन रायरेश्वरावर जाऊ." मी सांगितलं, आपल्याकडे ही सोय नाही, आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, तसली खिशातली यंत्रं सापडली म्हणून गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना पोलिसांनी अडवल्याच्या बातम्या आल्या आहेत. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन रिंगा दिल्या तर चालतील ना?"

मी साताऱ्याला परतलो. घरात फोनवर रेंजच्या पाचही कांड्या होत्या आणि पोचल्याचं कळवायचं मी साफ विसरलो. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "ते तुझ्याशी बोलत नाहीत." आणि खरंच बोलले नाहीत, दिवाळीच्या शुभेच्छाही ताईच्या फोनवरून आल्या.

२४ डिसेंबरच्या सकाळी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ब्लूबर्ड नावाचा एक अमेरिकी उपग्रह वर नेला. वजन सुमारे ६,१०० किलो, आणि काम साध्या मोबाइलशी थेट बोलायचं. पाऊण-एक तासाने माझा फोन वाजला. दाजींचा मेसेज होता, दोन महिन्यांतला पहिला.

'पोचला.'