बाल्कनीतला बागायतदार

सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मराठी माणसाला बागायतदार व्हायला फारसं काही लागत नाही. सहा बाय चारची बाल्कनी, तिच्यात दाटीवाटीने बसवलेल्या कुंड्या, रंगाचे रिकामे डबे, बुडाला भोकं पाडलेली एक जुनी बादली, ग्रिलला तारेने बांधलेल्या कापलेल्या बाटल्या आणि बोलताना दर वाक्यात 'आमच्याकडे', एवढं भांडवल पुरतं. डोंबिवलीपासून नाशिकपर्यंत आणि कोथरूडपासून म्हापशापर्यंत दर सोसायटीत असा निदान एक गृहस्थ असतोच. क्वचित गृहिणी असते, पण लक्षणं तीच. थंडीत तो फारसा जाणवत नाही. थंडीत सगळ्यांचंच सगळं फुलतं, पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं ते उगीच नव्हे, आणि त्या गर्दीत याच्या चार कुंड्यांना कोण विचारतो? चैत्र लागला, शहर तापलं, बाकीच्यांच्या कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या, की याचा हंगाम सुरू होतो. चहाला आलेला पाहुणा असो, कुरिअरवाला मुलगा असो, की मेंटेनन्सचं बिल घेऊन आलेला वॉचमन, "जरा इकडे या, एक गंमत दाखवतो" म्हणून त्याला बाल्कनीत नेलं जातं. पाहुण्याला वाटतं, काय या माणसाला गमतीची आवड! माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या माणसाला गंमत अजिबात सोसत नाही. बागेत न सांगता घडलेली कुठलीही गोष्ट तो दोन दिवसांच्या आत आपल्या योजनेत बसवून टाकतो. उन्हाळ्याच्या तोंडची त्याची बाग पाहिली तर याला पुराव्यांची वाण नाही.

पहिला पुरावा मे फ्लॉवरचा. हा मूळचा आफ्रिकेतला कंद. हिवाळ्यात त्याची पानं पिवळी पडून गळतात आणि कुंडीत नुसती माती उरते. बागायतदार ही कुंडी विसरतो. विसरतो म्हणजे पार विसरतो. तिच्यावर झारी टेकवून ठेवतो, कात्री खोचतो, आणि मार्चमध्ये ती रिकामी समजून तिच्यात मिरचीचं बी टाकतो. मग एप्रिलच्या अखेरीला, मिरचीचं कोवळं रोप बाजूला सारून, एक जाड ठिपकेदार कोंब मातीतून वर येतो. पान नाही, काही नाही, एकदम देठच. आठवड्याभरात त्याच्या टोकाशी शंभरावर बारीक लाल फुलांचा गोळा उमलतो. जवळ जाऊन पाहिलं तर दर फुलातून सहा-सहा लाल केसर बाहेर आलेले आणि प्रत्येकाच्या टोकावर परागाचा पिवळा कण. हे सगळं कंदाने गेल्या पावसाळ्यात पानांनी कमावून ठेवलेल्या शिदोरीवर केलेलं असतं. मधल्या काळात पाणी मिळालं नाही हे त्याच्या पथ्यावरच पडलं, नाहीतर तो कुजला असता. म्हणजे बागायतदाराचा खरा वाटा एवढाच, की विसरण्याचं काम त्याने चोख केलं. पाहुण्याला मात्र ऐकायला मिळतं, "डिसेंबरपासून त्याला विश्रांतीवर ठेवला होता. पाणी पूर्ण बंद. मग मार्चमध्ये थोडं केळीच्या सालांचं पाणी." मिरचीचा विषय निघत नाही.

बोगनवेलीची तीच कथा. ती ठेवलेली असते कोपऱ्यात, एसीच्या यंत्रामागे, जिथे झारीचा हात पोचत नाही. पाणी तुटलं की ही वेल रंगाने पेटते हे तिचं मूळचं वळण आहे. तो रंगही पाकळ्यांचा नसतोच, फुलाभोवतीच्या पानांचा असतो. खरं फूल म्हणजे मधली बारीकशी पांढरट नळी. पण डाळिंब-संत्र्याचे शेतकरी बहर धरण्यासाठी बागेला ताण देतात, हे याने कुठेतरी ऐकलेलं असतं. त्यामुळे हात न पोचलेल्या कुंडीकडे बोट दाखवून तो शांतपणे म्हणतो, "हिला मी ताण दिलाय." खरकट्याच्या खतातून उगवलेल्या पपईचं प्रकरण याहून मोठं. ती आपोआप उगवली हे पहिल्या दिवशी तो मान्य करतो. दुसऱ्या दिवशी ती 'लावलेली' होते, आणि हातभर वाढेपर्यंत तिला नर्सरीतल्या कुठल्याशा जातीचं नावही मिळतं. पुढे तिला लांब लोंबत्या दांड्यांवर फुलंच फुलं येतात, फळ मात्र धरत नाही, कारण झाड नर निघालेलं असतं. हा तरी धक्का त्याने धक्का म्हणून घ्यावा? छे! "परागीभवनासाठी एक नर लागतोच," असं तो चौथ्या मजल्यावर उभा राहून सांगतो, जिथून नजर पोचेल तिथवर मादी पपई नाही.

प्राण्यापक्ष्यांनाही या योजनेतून सुटका नाही. कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे सुरवंट दिसतात तेव्हा तो कडुनिंबाचं तेल घेऊन धावतो. पण तेल संपलेलं असतं, आणायचं राहून जातं, सुरवंट हिरवे होऊन झाडाला निष्पर्ण करतात, आणि एका सकाळी दोन फुलपाखरं ग्रिलवर पंख वाळवताना दिसतात. झालं, लिंबू मुळात फुलपाखरांसाठीच लावलेलं होतं. फळाची अपेक्षा 'आमच्याकडे' कधी नव्हतीच. बुलबुलाने टांगत्या नेच्याच्या कुंडीत घरटं केलं, की अंड्यांमुळे महिनाभर तिथे पाणी घालता येत नाही. नेचा वाळून कोळ होतो, पिल्लं उडून जातात, आणि तो कोपरा पक्ष्यांसाठी राखीव असल्याचं जाहीर होतं. वास्तविक जुना कूलर भंगारवाल्याने अजून नेला नाही म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही, एवढंच त्या आरक्षणाचं मूळ.

एकच आश्चर्य त्याला मनापासून आवडतं, ते ब्रह्मकमळाचं. कारण ते आगाऊ सूचना देऊन येतं. पानासारख्या चपट्या खोडाला कळी दिसते, ती दिवसादिवसाने फुगते, खाली झुकते, मग वर उचलते, आणि साधारण कुठल्या रात्री उमलेल याचा अंदाज बांधता येतो. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण, रात्री अकराला सतरंजी, कॉफी, आरतीचं तबक. हे निवडुंगाच्या कुळातलं झाड मेक्सिकोकडून आलं, हिमालयातलं ब्रह्मकमळ अगदी वेगळं, हे सांगणारा एखादा कॉलेजकुमार पुढच्या वर्षीच्या यादीतून गळतो. तबक त्याला उगीच दिलं असं यजमानाला वाटतं.

यश घरचं असलं तर अपयश कुठून येतं, हाही अभ्यासाचा विषय आहे. गुलाब मेला तर नर्सरीवाल्याने फसवलं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला तर तो वरच्या मजल्यावरून आला. तुळस गेली तर कोणाची तरी नजर लागली. मनी प्लांट वाळला तर चूक एवढीच, की तो चोरून आणण्याऐवजी विकत आणला. या नोंदींत त्याच्या स्वतःच्या हाताचा उल्लेख औषधालाही सापडणार नाही. सहकारी पतपेढीच्या वार्षिक अहवालात असतो तसा नफा संचालक मंडळाच्या दूरदृष्टीने होतो आणि तोटा परिस्थितीने.

आता कोणी म्हणेल, हे अन्यायाचं झालं. मोगऱ्याचं काय? मोगरा काही विसरल्याने फुलत नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्य करतो. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. माघाच्या सुमारास फांद्या हिमतीने छाटाव्या लागतात, पाणी आवरावं लागतं, मग खत द्यावं लागतं, आणि हे सगळं केलं तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओंजळभर फुलं मिळतात. पण बारकाईने पाहा, मोगऱ्याबद्दल बागायतदार फारसं बोलत नाही. संध्याकाळी कळ्या खुडतो, ओल्या फडक्यात गुंडाळतो आणि शेजारी पाठवून देतो. जिथे श्रम खरे आहेत तिथे भाषण नाही. भाषण लागतं ते आयत्या आलेल्या फुलांना. माझ्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. भर वैशाखात रोज दोन वेळा पाणी घालतो, पाणीकपातीच्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी साठवून घालतो, हे श्रेय त्याला नको द्यायला? द्यायला हवं, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई ते रोज देतात. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या बेडशीटवर लाल मातीचे ओघळ उतरतात तेव्हा वर पाहून जे बोलतात, ते त्याच्या कष्टांची अधिकृत नोंदच आहे. तिसरा आक्षेप असा, की मारली थोडी बढाई, कोणाचं काय गेलं? यावर माझं उत्तर सहानुभूतीचं आहे. हा माणूस बहुधा तीस-पस्तीस वर्षं अशा कचेरीत काढून आलेला असतो, जिथे अर्ज केल्याशिवाय किरकोळ रजासुद्धा पदरात पडत नाही. न मागता, न झटता, वरिष्ठांच्या सहीशिवाय काही मिळू शकतं, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. मे फ्लॉवर उगवला की तो थोडा घाबरतो, असं माझं मत आहे. कागदपत्रं पूर्ण नसलेली वस्तू घरात आली आहे. मग तो मागच्या तारखेने ती कागदपत्रं तयार करतो. केळीच्या सालांचं पाणी म्हणजे तेच.

पण सहानुभूती शेजाऱ्याच्या कामाची नाही, कारण मेच्या मध्यावर हा मनुष्य गावाला जातो आणि बाग कोणाच्या तरी गळ्यात मारतो. सोबत दोन पानी सूचना असतात. कोणाला किती मग, कोणाला सकाळी, कोणाशी बोलायचं, कोणाला नुसतं बघायचं. अशात एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो, आणि तीन-चार दिवसांनी कुठल्याही सूचनेत नाव नसलेल्या, गवताची समजलेल्या कुंडीतून पावसाळी लिलीची गुलाबी फुलं एकदम वीस-पंचवीस उभी राहतात. ती एक-दोन दिवसांचीच सोबती, मालक येईपर्यंत टिकणार नाहीत म्हणून शेजारी बिचारा हौसेने फोटो पाठवतो. चिपळूणहून तत्काळ उत्तर येतं, "हो, या आठवड्यात अपेक्षितच होती. पाणी जरा कमी घाला." तेव्हा या महिन्यात कोणी कुंड्यांची आणि घराची किल्ली घेऊन तुमच्या दारात आलं, तर त्यांना बसवा, पन्हं द्या, प्रवासाची चौकशी करा, आणि आपणही गावाला चाललो आहोत असं सांगा. मग पंधरा दिवस बाल्कनीत दिवा लावू नका.