भावे प्रयोग

शेरिंगहॅमचा गोल मी पाहिलेला नाही. सोल्शेअरचा तर नाहीच नाही. 26 मे 1999च्या त्या रात्री बार्सिलोनातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आपण शेवटच्या शिट्टीपर्यंत जागून पाहिला, असं मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. बेकहॅमने कॉर्नर कसा उचलला हे तर मी हातातल्या कपबशीसकट करून दाखवतो. खरी गोष्ट अशी की बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटालाच गोल केला होता, आपल्याकडे रात्रीचे दोन वाजत आले होते, आणि सामन्याची दहाएक मिनिटं उरली असताना ‘हे काही आता होत नाही’ असं म्हणून मी टीव्ही बंद केला, मच्छरदाणी खोचली आणि झोपलो. सकाळी दूध आणायला उतरलो तर तळमजल्यावरचा पोरगा अंगावरच आला. ‘‘दादा, दोन गोल! शेवटच्या तीन मिनिटांत!’’

‘‘बघितले की,’’ मी म्हणालो.

त्या क्षणी मी मँचेस्टर युनायटेडचा कट्टर समर्थक झालो. पुढे ‘कट्टर’चं ‘पहिल्यापासूनचा’ झालं आणि चाळिशी उलटल्यावर ‘जन्मापासूनचा’.

मधल्या काळात थोडं इकडेतिकडे झालं, नाही असं नाही. बँकेच्या नोकरीत डेप्युटेशन असतं, तसं ते होतं. 2003-04च्या मोसमात आर्सेनल 38 सामन्यांत एकदाही हरली नाही. अशा वेळी माणसाने गुणग्राहक असू नये काय? मी लाल जर्सी उतरवून लाल जर्सीच घातली, त्यामुळे शेजाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. 2005मध्ये चेल्सीने 50 वर्षांनी विजेतेपद मिळवलं तेव्हा मात्र निळी घ्यावी लागली आणि गवगवा झाला. मी सांगितलं, मोरिन्यो हा माणूस अभ्यासण्यासारखा आहे. त्याच वर्षी ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून युनायटेड विकत घेतला म्हणून चिडलेल्या काही समर्थकांनी तो संघ सोडला आणि ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ असा स्वतःचाच क्लब काढून थेट दहाव्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली. मीही तेव्हा युनायटेड सोडलेलाच होतो, त्यामुळे काही काळ मी माझं कारणही तेच सांगत असे. पण त्यांनी जीव जडलेला म्हणून सोडला. मी सोडला, कारण चेल्सी पहिली होती.

2008मध्ये मॉस्कोला अंतिम सामन्यात चेल्सी आणि युनायटेड समोरासमोर आले. ती रात्र फार जड गेली. अंगात एक जर्सी आणि उशीखाली दुसरी, अशा अवस्थेत मी पेनल्ट्या पाहिल्या. पावसात जॉन टेरीचा पाय घसरला. माझा आधीच घसरलेला होता. मी सफाईने उशीखालची जर्सी काढली. नंतर मेस्सीच्या काळात बार्सिलोनाही झाली, पण ती कलेसाठी. बायर्नने 2020मध्ये 8-2 असं वाजवल्यावर कलाही सुटली.

माझी खरी कामगिरी मात्र व्याकरणात आहे. शाळेत ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न मी नेमाने सोडून देत असे. फुटबॉलने मला तिन्ही प्रयोग शिकवले. संघ जिंकला की कर्तरी: ‘आपण जिंकलो.’ क्रियापद कर्त्याच्या मागून शेपूट हलवत येतं. बरोबरी झाली की कर्मणी: ‘पोरांनी एक गुण मिळवला.’ इथे कर्ता तृतीयेत सरकून जरा मागे उभा राहतो आणि क्रियापद त्या एका गुणाच्या तोंडाकडे बघतं. आणि हरला की भावे. 5 मार्च 2023, ॲनफिल्ड, सात-शून्य: ‘लिव्हरपूलने त्यांना धुतलं.’ काय वाक्य आहे! क्रियापद लिव्हरपूलचं ऐकत नाही, ‘त्यांचं’ही ऐकत नाही. मांडवात ना वराकडचं ना वधूकडचं, असं नपुंसकलिंगी, एकवचनी, हातात सरबताचा ग्लास धरून कोपऱ्यात उभं असतं. त्या सोमवारी बँकेत मी अगदी तसाच उभा होतो.

सर्वनामांचं तर विचारूच नका. इंग्रजांकडे बिचाऱ्यांकडे एकच ‘वी’. आपल्याकडे ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं. ‘आपण जिंकलो’ म्हटलं की समोरच्या इस्त्रीवाल्यालाही विजयात ओढता येतं, त्याची इच्छा असो वा नसो. समोरचा लिव्हरपूलवाला असेल तर ‘आम्ही जिंकलो’; त्यात तू नाहीस हे व्याकरणच त्याला सांगून टाकतं. आणि हरल्यावर ‘ह्यांनी’. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव न घेता ज्या सुरात ‘ह्यांनी’ म्हणायच्या, त्याच सुरात मी म्हणतो, ‘‘ह्यांनी परत घाण केली.’’ आदर आहे, संताप आहे आणि सुटका नाही, हेही त्यात आहे.

काळांचंही तसंच. 2013मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले. पुढच्याच मोसमात युनायटेड सातवा आला, आणि नवे प्रशिक्षक मोयेस यांना घालवा असा फलक घेऊन एक विमान ओल्ड ट्रॅफर्डवर घिरट्या घालून गेलं. तेव्हापासून आम्ही सगळे समर्थक रीतिभूतकाळात राहायला गेलो आहोत. ‘शेवटच्या मिनिटाला गोल करत असू.’ ‘मागे पडलो तरी जिंकत असू.’ माझ्या शेजारच्या टेबलावरचा आर्सेनलवाला संकेतार्थात राहतो: ‘तो तंदुरुस्त असता तर’, ‘पंचाने नीट पाहिलं असतं तर’. 2023, 2024 आणि 2025 अशी लागोपाठ तीन वर्षं त्याचा संघ दुसरा आला. इतके ‘असता तर’ एका माणसाच्या वाट्याला येऊ नयेत. टॉटनहॅमवाले वर्षानुवर्षं विध्यर्थात, ‘एखादा तरी करंडक मिळावा’. तो त्यांना मे 2025मध्ये मिळाला, आणि कोणाला हरवून? मोसम संपला तेव्हा लीगमध्ये टॉटनहॅम सतराव्या क्रमांकावर होता आणि युनायटेड 42 गुण घेऊन पंधराव्या. तळाशी गाळ साचतो, तशा त्या दोघांचा युरोपा लीगचा अंतिम सामना झाला आणि टॉटनहॅमने त्यांना एक-शून्य हरवलं. भावे.

हे सगळं मी एकदा घरी जेवताना विस्ताराने समजावून सांगितलं. मुलगी अकरावीत आहे आणि मँचेस्टर सिटीची आहे. ती फुटबॉल बघायला लागली तेव्हा सिटी जिंकतच होती. 2018 ते 2024 या सात मोसमांत सहा विजेतेपदं. पराभव म्हणजे काय हे या मुलीला पाठ्यपुस्तकातल्या तुंड्रा प्रदेशाइतकंच माहीत. मी ठरवलं, हिला जरा इतिहास सांगावा.

‘‘गिलिंगहॅम माहीत आहे?’’

‘‘नवीन स्ट्रायकर आहे का?’’

मग मी सांगितलं. युनायटेडने बार्सिलोनात करंडक उचलला, त्यानंतर चारच दिवसांनी सिटी वेम्बलीवर खेळत होती, आणि ती तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत चढण्यासाठी. समोर गिलिंगहॅम. नव्वदावं मिनिट लागेपर्यंत सिटी दोन गोलांनी मागे. काही समर्थक उठून बाहेरही पडले होते. तिथून बरोबरी झाली आणि सिटी पेनल्ट्यांवर सुटली. त्या वर्षी तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या त्या संघाच्या घरच्या मैदानावर सरासरी 28 हजार माणसं येत होती. पावसात. पलीकडे त्याच गावात दुसरा संघ युरोप जिंकत असताना.

‘‘ती माणसं खरी,’’ मी म्हणालो. ‘‘तू नाहीस.’’

तिने भाकरीचा तुकडा मोडला. ‘‘बाबा, बालेवाडी स्टेडियमला तू किती वेळा गेलास?’’

उत्तर एक आहे. तेही सामना पाहायला नव्हे, त्रेझेगे पाहायला. 2014मध्ये एफसी पुणे सिटीने त्याला आणलं होतं. 2000च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोनेरी गोल मारणारा माणूस आपल्या हिंजवडीच्या अलीकडे येऊन खेळणार म्हटल्यावर मी तिकीट काढलं. तो मैदानावर शांतपणे चालत होता, निवृत्त माणूस सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी चालतो तसा. ट्रॅफिक लागेल म्हणून मी सामना संपायच्या आत निघालो. निघायची सवय जुनीच.

कोथरूडपासून बालेवाडी जेमतेम दहा किलोमीटर. मँचेस्टरसाठी मी रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागलो आणि सकाळी लाल डोळ्यांनी लोकांच्या पासबुकांवर शिक्के मारले, पण बालेवाडी मला लांब वाटत होती. पुणे एफसी 2012-13मध्ये आय-लीगमध्ये देशात दुसरा आला. मला ते नंतर कळलं. मग तो संघ बंद झाला. भारत एफसी एकच मोसम खेळला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळून गेला. 2019च्या ऑगस्टमध्ये पुणे सिटीचीही पाळी आली, तिची लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्याच ऑगस्टमध्ये युनायटेडने मॅग्वायरसाठी 8 कोटी पौंड मोजले, आणि एका बचावपटूला एवढे द्यावेत का या चिंतेने मला खरोखरच झोप लागत नव्हती. पुण्याचा संघ उठला ही बातमी मी वाचली आणि पान उलटलं. तीन मोसमांत हैदराबादने आयएसएल जिंकली.

विम्बल्डनचा संघ 2002मध्ये उचलून मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या लोकांनी काही आठवड्यांत नवा क्लब उभा केला. खेळाडू निवडायला सार्वजनिक मैदानावर चाचणी घेतली. पुण्यात चार संघ गेले. चार! एकासाठीही मी बसचं तिकीट काढलं नाही. इथे मला कुठला प्रयोग वापरावा हे सुचत नाही, आणि ज्या शहरात पाटी लावण्यावरून मोर्चे निघतात तिथे एकानेही हूं की चूं केलं नाही, याचा राग मी कोणावर काढणार? त्या न निघालेल्या मोर्चात मीही नव्हतोच.

मुलगी उठून ताट ठेवायला गेली. मला आठवला कोल्हापूरचा मामा.

मामा शिवाजी पेठेतला, म्हणून शिवाजी तरुण मंडळाचा. ‘म्हणून’ हा शब्द महत्त्वाचा. तिथे संघ निवडत नाहीत. जिथे नाळ पुरली तो संघ. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तो मला सायकलच्या दांडीवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचा. पाटाकडील तालमीशी सामना असला की त्या दिवशी घरात मोठ्याने बोलायची चोरी. 1999च्या त्या जूनमध्ये मी नव्याने मिळवलेल्या कट्टरपणाच्या भरात त्याला युनायटेडची सगळी गोष्ट सांगितली, न पाहिलेल्या दोन्ही गोलांसकट. डोळ्यांत पाणीबिणीही आणलं. मामाने सगळं ऐकून घेतलं.

‘‘मँचेस्टरला तुजं कोण असतंय रं?’’

‘‘कोणी नाही, मामा.’’

‘‘मग रडाय काय झालं?’’

दोन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा मामा अठ्ठ्याहत्तरचा होता. गुडघे गेले आहेत, तरी भाच्याच्या खांद्याला धरून शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढला आणि त्याच्या नेहमीच्या जागेवर पंचा टाकून बसला. शिवाजी हरला. आजूबाजूची पोरं पंचाच्या सात पिढ्या काढत होती. मामा काही बोलला नाही. घरी आल्यावर चपला नीट जोडून ठेवल्या, पाय धुतले आणि मामीला फक्त ‘‘वाढ’’ म्हणाला. पानात तांबडा रस्सा होता. त्याने भाताचा एक घास कालवला आणि बराच वेळ तो तसाच कालवत बसला. मला राहवेना. म्हटलं, ‘‘मामा, किती त्रास करून घ्यायचा? मी असतो तर केव्हाच दुसरा संघ धरला असता.’’

मामाने वर बघितलं. रागाने नाही. बँकेत एखादा खातेदार चुकीचा फॉर्म भरून आणतो तेव्हा मी त्याच्याकडे बघतो, तसं.

‘‘आणि ऱ्हायला कुठं जाऊ?’’

मग त्याने तो घास खाल्ला.

परवा कपाट आवरलं. आर्सेनलची एक, चेल्सीची एक आणि बार्सिलोनाची एक, अशा तीन जर्सी स्वच्छ धुऊन, इस्त्री करून ठेवल्या आहेत. साइज एक्सएल, वापर बेताचा, कारण कुठल्याच संघासोबत मी फार दिवस राहिलो नाही. ज्यांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात, पैसे नकोत. युनायटेडची मात्र आत्ताच मागू नये. या मोसमात काय होतं ते बघून सांगतो.