बारभाईंचं नेटवर्क

लिनक्सवर आयपी पत्ता बदलायचाय? बदला की, सगळं खुलं आहे. फक्त सध्या कारभार कोणाकडे आहे, तेवढं आधी शोधा. डेबियनकडे 'इंटरफेसेस' नावाची साधीसुधी फाइल होती, अजूनही आहे. 2004 मध्ये रेड हॅटवाल्यांनी नेटवर्कमॅनेजर आणला. पुढे सिस्टमडीने आपला नेटवर्कडी उभा केला. मग उबुंटूने 17.10 या आवृत्तीपासून नेटप्लॅन बसवला. तो स्वतः कुठलीच जोडणी करत नाही; तुमचा यामलमधला अर्ज नेटवर्कमॅनेजर किंवा नेटवर्कडी यांपैकी एकाकडे सरकवतो. समासात टॅब वापरलात तर अर्ज नामंजूर.

डीएनएसची फाइल उघडावी, तर माथ्यावरच पाटी: ही फाइल दुसरा सांभाळतो, हात लावू नये. लावलात तर तुमची ओळ पुढच्या बूटपर्यंत टिकेलच असं नाही. काही प्रशासक वैतागून त्या फाइलला कुलूपच घालतात आणि सहा महिन्यांनी तेच विसरतात.

नेटवर्क कार्डाचं नाव पूर्वी 'एथ झिरो' होतं. दोन कार्डं असली की ती कधीकधी नावांची अदलाबदल करत, हे खरंच; म्हणून 2013 पासून 'ईएनपी3एस0' थाटाची नावं आली. त्यांना अधिकृतपणे 'अंदाज बांधता येण्याजोगी' म्हणतात. बांधून दाखवा!

एक विनंती: दूरच्या सर्व्हरवर 'नेटप्लॅन अप्लाय' ठोकू नका, 'नेटप्लॅन ट्राय' द्या. 120 सेकंदांत तुम्ही होकार दिला नाहीत, तर तो जुनी मांडणी परत आणतो.