खान्देशात बेसगिटार वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

खान्देशात बेसला मागणी नाही असं ज्याला वाटतं, त्याने लग्नसराईत जळगावात नाहीतर धुळ्यात एखाद्या वरातीमागे पाच मिनिटं चालून पाहावं. अठरा इंची सबवूफरची भिंत लावलेली गाडी गल्लीत शिरली की खिडक्यांची तावदानं, मांडणीतले पेले आणि ओट्यावर बसलेल्या आजोबांचं काळीज एकाच तालात हलायला लागतं. नाचणारी पोरं डीजेवाल्याला ओरडून सांगतात ते एकच, ‘बेस वाढव!’ गायकाचा आवाज वाढव, असं कोणी ओरडल्याचं ऐकिवात नाही. थोडक्यात, बेस सगळ्यांना हवा असतो. बेसवाला कोणालाच नको असतो. तरीही ज्याची जिद्द कायम आहे, त्याने पुढे वाचावं. बाकीच्यांनी ऑक्टोपॅड घ्यावा, लवकर लग्न जमतं.

आपण नको का आहोत, हे आधी समजून घ्यावं, म्हणजे पुढे मनाला लागत नाही. ऑर्केस्ट्रा असो की हळदीचा कार्यक्रम, कीबोर्डवाला डाव्या हाताची दोन-तीन बोटं दाबून धरतो आणि यंत्राच्या पोटातून ढोलक, गिटार, बेस असं अख्खं बिऱ्हाड बाहेर पडतं. याला ‘स्टाइल’ म्हणतात. हे बिऱ्हाड जेवत नाही, भाडं मागत नाही आणि तालमीला उशिरा येत नाही. आयोजकाच्या जागी आपण असतो तरी आपल्याला घेतलं नसतं. परकं वाद्य म्हणून लोक नाकारतात, ही तक्रार मात्र करू नये. आपल्याकडे हळदीला जो बँजो वाजतो, तो १९१२ साली जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी काढलेल्या ताइशोगोतोचा नातू आहे. त्याला कोणी गाव विचारत नाही, कारण त्याचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जातो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून हे वाद्य जगभर फिरलं. इथे ते अजून पाहुणाच आहे.

वाद्य खांद्याला लावून बाहेर पडलात की पारावरून पहिला प्रश्न येईल : ‘हाई काय शे रे भो? दोन तारा तुटी ग्यात का?’ यावर ई, ए, डी, जी असा पाठ देत बसू नये. धुळ्यात असाल तर ‘हो, जळगावला तुटल्या’ म्हणावं आणि जळगावात असाल तर धुळ्याचं नाव घ्यावं. दोन्हीकडे लोकांचं लगेच समाधान होतं.

घरी सांगण्याचं प्रकरण जास्त अवघड. रावेर-यावलकडे राहत असाल तर केळीचा हिशेब हातात पडण्याआधी विषय काढू नये आणि हिशेब पाहिल्यावर वडिलांचा चेहरा कसा होतो ते बघूनच पुढे बोलावं. ‘गिटार’ हा शब्द तोंडात आणायचा नाही. त्या शब्दाने वडिलांना लांब केस आणि नापास झालेला वर्गमित्र आठवतो. त्याऐवजी मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला पायी गेलेले एखादे काका नात्यात शोधावेत, सापडतातच. त्यांना वडिलांसमोर विचारावं, की काका, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक का लावतात? काका खुलतील. पुडीवर वजन चढलं की ती सावकाश हलते, सावकाश हलली की आवाज खाली उतरतो, भजनाला बूड मिळतं, असं सगळं सांगतील. मग हळूच बेसची जाड तार पुढे करावी. आत पोलादी तार आहे आणि तिच्याभोवती दुसरी तार गच्च गुंडाळली आहे. वजन वाढवून आवाज खाली आणायची युक्ती तीच, फक्त कणीक भिजवावी लागत नाही. इथे काका आपल्या बाजूला येतात. वडील ‘किती पडतील?’ विचारतात. किंमत निम्मी सांगावी.

आता वाद्य कोणतं घ्यावं. बेसवाल्यांत दोन पंथ आहेत, प्रिसिजनवाले आणि जॅझवाले. जॅझ बेस १९६० चा. त्याची मान निमुळती, पिकअप दोन. प्रिसिजनची मान रुंद आणि पिकअप मधोमध दुभागलेला एकच. प्रिसिजनवाला म्हणतो, मला एक आवाज पुरतो. जॅझवाला म्हणतो, माझ्याकडे पर्याय आहेत. आयुष्यभर तो ते पर्याय फिरवत बसतो आणि शेवटी दोन्ही बटणं पूर्ण उघडी ठेवतो, कारण तसं केलं की दोन पिकअपची घरघर एकमेकींना मारते. दोन्ही पंथांची बैठक भरवायची झाली तर ती कुठे, यावरच पहिली बैठक मोडते. एरंडोल म्हटलं तर ते जळगावकडे झुकतं, पारोळा म्हटलं तर धुळ्याकडे.

बैठक भरलीच तर विषय एकच निघतो : टोन कशात असतो? हा वाद जळगावच्या माणसाला नवा नाही. भरीत चांगलं होतं ते बामणोदच्या वांग्यामुळे, कपाशीच्या काड्यांच्या जाळामुळे, की बडगीत ठेचणाऱ्याच्या हातामुळे, यावर मेहरुणच्या तलावाकाठी कितीतरी रात्री गेल्या आहेत आणि त्या दरम्यान भरीत संपलेलं असतं. बेसवाल्यांतही कोणी लाकडाचं नाव घेतो, कोणी तारांचं, कोणी ॲम्पचं. ज्याच्याकडे यांतलं काहीच धड नाही तो म्हणतो, टोन बोटांत असतो. माझं मत विचाराल तर तो बरोबर आहे. पण त्याच्याकडे पैसे आले की तोही लाकडाबद्दल बोलायला लागतो.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. परदेशी कंपन्यांच्या कितीतरी बेसच्या मानेवरची पट्टी आपल्या भारतीय शिसवीची असते. हे गावच्या सुताराला अभिमानाने सांगू नये. तो पट्टीवरून अंगठा फिरवतो, नखाने टोचून बघतो आणि विचारतो, ‘एवढी चांगली शिसव ह्याच्यात कशाला घातली?’

टोनच्या नादात थोर लोकांचे दाखले सोयीनुसार घेतले जातात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजलेला जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय सहसा बदलायचा नाही. खान्देशी वादकाने यातलं फक्त तारांचं वाक्य पाठ केलं आहे. जेको पास्टोरियसने जॅझ बेसचे पडदे उपटून काढले, खाचा भरल्या आणि वरून होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर दिला. दाराच्या चौकटीला भरतात त्या लांबीने हा प्रयोग घरी करू नये. पडदे निघतात, लांबीही वाळते. जेको मात्र होत नाही.

जुन्या तारा मंद वाजायला लागल्या की पाण्यात उकळाव्यात. थट्टा नाही. जगभरचे बेसवाले हे करतात. वेटोळ्यांत बसलेला घाम आणि मळ सुटतो आणि काही दिवस तारा पुन्हा खणखणतात. नंतर त्या लगेच कोरड्या कराव्यात, नाहीतर गंज धरतो. पातेलं कोणतं घ्यावं हे ज्याने त्याने ठरवावं. डाळीचं घेतलंत तर पुढची जबाबदारी या मार्गदर्शनाची नाही.

यानंतर हवामान. बाकी देशात बेसवाल्याला ऋतू दोन, कार्यक्रम असलेला आणि नसलेला. खान्देशात तिसरा, मे महिना. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, हवेतलं पाणी संपतं आणि लाकूड आकसतं. पट्टी आकसते पण तिच्यात ठोकलेले धातूचे पडदे आकसत नाहीत. मग त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि मान वर-खाली फिरवणारा हात ओरबाडून निघतो. मानेचा बाकही बदलतो, तारा पडद्यांना घासून कुरकुरतात. जूनमध्ये पाऊस पडला की सगळं उलट. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती ॲलन कीने कसायची किंवा सैल करायची. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. ॲलन की मोटारसायकलच्या मेकॅनिककडे मिळते, पण सळई फिरवायचं काम त्याच्याकडे देऊ नये. त्याला अर्धवट कसलेलं काही बघवत नाही. गिटार दुरुस्त करणारा तालुक्यात नसेल तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे जावं. तो निदान वाद्याला आधी नमस्कार करतो. कूलर घरात एकच असेल तर तो वाद्याच्या खोलीत लावावा, फवारा अंगावर येणार नाही इतक्या अंतरावर, आणि आपण गच्चीवर झोपावं. घरच्यांनाही गच्चीवर पाठवता आलं तर मार्गदर्शन सफल झालं.

आवाज कसा काढायचा? ॲम्प महाग असतो, म्हणून बेस मंडपाच्या अहुजाला जोडून आवाज भोंग्यातून काढायची रीत आहे. रीत वाईट नाही, परिणाम वाईट आहे. ई तारेचं मूळ कंपन सेकंदाला सुमारे ४१. भोंगा माणसाचं भाषण दूर नेण्यासाठी जन्माला आला. इतकं खालचं त्याच्या घशातून निघतच नाही. निघते ती बोटांची टकटक. मोबाइलचंही तेच. व्हिडिओ पाठवलात की नंदुरबारच्या मामांना तुमची बोटं हलताना दिसतात आणि ऐकू येतो कीबोर्ड. मामा आईला फोन करून विचारतात, पोरगं खरंच वाजवतं की नुसतं उभं असतं? अशा वेळी मामांना हेडफोन भेट द्यावा. तो लावून त्यांना आर. डी. बर्मन यांची जुनी गाणी ऐकायला सांगावं, ज्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. इतकी वर्षं आपण ज्या गाण्यांवर पाय हलवले, तो पाय कोण हलवत होतं, हे त्यांना त्या दिवशी कळेल. मामी म्हणाल्या की पोरींना असलं जमत नाही, तर ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवणाऱ्या मोहिनी डेचं नाव सांगून गप्प बसावं.

इथे विनोद बाजूला ठेवून एक सूचना. मंडपात वीज कुठून घेतली आहे आणि अर्थिंग आहे का, हे तारांना हात लावण्याआधी विचारा. आपला ॲम्प एका लाइनवर आणि गायकाचा माइक दुसऱ्या लाइनवर असला, त्यात अर्थिंग नसलं, तर एक हात तारांवर असताना माइकला ओठ लागणं जिवावर बेतू शकतं. खिशात टेस्टर ठेवा.

रियाजाला बसायचं तर शेजारी आहेतच. जळगावकर या नात्याने पहिला विचार येतो तो एमआयडीसीतल्या प्लॅस्टिकच्या चटयांचा. चारी भिंतींना चटया ठोकल्या की आवाज बाहेर जाणार नाही, अशी श्रद्धा आहे. चटयांमुळे खोली रंगीत दिसते, इतकंच. ४१ कंपनांच्या आवाजाची लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणजे बहुतेकांच्या खोलीच्या दुप्पट. तिला चटई म्हणजे काहीच नाही. ती भिंतीतून पलीकडे जाते आणि शेजाऱ्यांच्या कपाटातल्या भांड्यांना गाठते. मग शेजारी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम घेऊन दारात येतात : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. आदल्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याची वरात त्याच गल्लीतून गेलेली असते. ते त्यांच्या लक्षात आणून देऊ नये. शेजारी टिकवायचे असतात.

प्रवासाला एसटी. वाद्य पिशवीसकट माणसाच्या छातीएवढं. वरच्या फळीवर मावत नाही, मांडीवर धरलं तर पुढच्याच्या मानेत घुसतं. कंडक्टर सामानाचं तिकीट मागेल. द्यावं. धुळ्यापर्यंत उभ्याने जावं लागलं तरी वाद्य बसूनच न्यावं.

प्रत्यक्ष वाजवण्याबद्दल बोलण्यासारखं फार थोडं आहे, आणि इच्छुकांना नेमकं तेच ऐकायचं नसतं. अहिराणी गाण्यात ढोलकीचा डावा हात आधीच खालच्या पट्टीत घुमत असतो. त्याच्या अंगावर जाऊ नये. तो बोलला की आपण थांबायचं, तो थांबला की एक सूर ठेवायचा आणि पुढच्या ठोक्यापर्यंत सोडायचा नाही. दोन स्वरसंगतींचं गाणं असेल तर दोनच सूर वाजवावेत. तिसरा आठवला तरी घरी न्यावा. हे साधलं की नाचणारे जरा जास्त नाचतात आणि त्याचं श्रेय ढोलकीवाल्याला मिळतं. ढोलकीवाल्याशी मैत्री ठेवावी. पुढच्या सुपारीला नाव सुचवणारा तोच असतो.

कार्यक्रम संपल्यावर वाद्य गुंडाळण्याआधी पाकिटाकडे लक्ष द्यावं. नवरदेवाचे काका हातात पाकिटं घेऊन येतात, गायकाला देतात, ढोलकीवाल्याच्या पाठीवर थाप मारतात आणि आपल्यासमोर थबकून विचारतात, ‘भाऊ, तुम्ही काय वाजवत होते?’ अशा वेळी खरं बोलायचं कारण नाही. ‘कीबोर्ड’ म्हणावं. त्याचं पाकीट जाड असतं.