उपरण्याखालचा सौदा

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात दोन माणसं हातात हात देऊन उभी दिसली आणि वर उपरणं टाकलेलं असलं, तर ती दोस्ती समजू नये. तो भाव चाललाय. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, बोटं दाबतो, समोरचा मान हलवतो, पुन्हा बोटं. शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही आणि गाय मात्र दावं बदलून मोकळी होते.

आमच्या तात्यांचं अर्धं आयुष्य या उपरण्याखाली गेलं. मागच्या महिन्यात त्यांना लघवीला जळजळ, थंडी-ताप. तपासणीचा कागद आला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एस नाहीतर आर. तात्यांच्या कागदावर आरची नुसती रांग.

"एस म्हणजे सौदा आणि आर म्हणजे रोख का रे?"

"एस म्हणजे औषध लागू पडतं. आर म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही."

डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, जंतूच्या पोटात डीएनएची एक छोटी गोल कडी असू शकते, प्लाझ्मिड म्हणतात. औषधाला कसं हाणायचं याची कृती म्हणजे जीन, तो त्या कडीवर. एक जंतू दुसऱ्याला बारीक नळीनं जोडून घेतो आणि कडीची नक्कल पलीकडे सरकवतो. समोरचा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं.

तात्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे उपरण्याखाली! पण देणाऱ्याकडं काय उरतं?"

"त्याची कडी त्याच्याकडं राहतेच."

तात्या गप्प झाले. मग खिन्नपणे म्हणाले, "असा माल आम्हाला जन्मात गावला नाही."

हा माल तात्यांपर्यंत कुठून आला, याचा पंचनामा करायला मोठा साहेब नको. घरात सर्दी झाली की मेडिकलवाल्याला "मागल्यासारख्या दोन द्या". सर्दी बहुतेकदा विषाणूची, त्याला या अँटिबायोटिकच्या गोळ्या काय करणार? पण सर्दी चार दिवसांनी बरी होते आणि श्रेय गोळीला जातं. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जातात. गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की सडात तसल्याच औषधाची ट्यूब. औषधाचे आणि नंतरचे काही दिवस दूध बाजूला काढायचं असतं, पण काढतो कोण? एकदा घरच्या दुधाचं दही लागेना. आठवडाभर वहिनींच्या विरजणाला बोल लागला. ट्यूबचं नाव कुणी काढलं नाही.

सरकार झोपलंय असं मात्र म्हणू नका. १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची यादी लागू आहे. सेफिक्सीमपासून मेरोपेनेमपर्यंतची औषधं त्यात आहेत. दुकानदारानं रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि किती औषध दिलं ते वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. एका दुकानात मी ती वही पाहिली. पहिल्या पानावर 'श्री' होता, हळदकुंकू होतं. पुढची पानं अगदी जपलेली, कोरी.

खरा संताप आम्हाला आला तो २०१० साली. त्याआधी २००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत, म्हणजे तात्यांच्याच खात्यात, एक जंतू सापडला होता. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधंही तो फोडून टाकी. रुग्ण आधी दिल्लीत दवाखान्यात होता, म्हणून त्या जंतूतल्या जीनच्या नावात 'न्यू दिल्ली' आलं. एनडीएम-१. 'लॅन्सेट' गटाच्या नियतकालिकात ऑगस्ट २०१० मध्ये मोठा लेख आला आणि देशाची बदनामी झाली म्हणून दिल्लीत गहजब उडाला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी मार्चमध्ये, भारतीय नियतकालिकातच, लिहून ठेवलं होतं: कार्बापेनेमला न जुमानणारे २४ नमुने तपासले, २२ मध्ये एनडीएम-१. तेव्हा कुणाचं नाक कापलं गेलं नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं. नावाचाच प्रश्न असता तर आमच्या जिल्ह्याला विचारायचं होतं, नाव बदलायचा आम्हाला अनुभव आहे.

तात्या सध्या सलाईन लावून पडलेत. कागदावर शेवटी एक एस सापडला, तो शिरेतून जातोय, दिवसातून दोनदा. परवा त्यांचा मेव्हणा भेटायला आला, नाक गळत होतं, अंग कसकसत होतं. मी पाणी आणायला वळलो. परत फिरलो तर तात्यांनी उशीखालून जुनं पाकीट काढलेलं, आणि दोघांचे हात चादरीखाली.