अर्ध्या भाड्यात पूर्ण चुना

वणीजवळचं आमचं राजूर दोन रंगांचं. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेला माणूस सकाळी उठला, की रात्री वारा कुठून वाहत होता ते त्याच्या तोंडाकडे पाहून कळतं. इतरांना चुना लावणारं हे गाव. पण त्याच गावच्या मला जर कोणी चुना लावला असेल, तर तो ‘ऑफ-सीझन’ या शब्दानं.

दोष शाळेचा. बाकी महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या उन्हापायी आठ-पंधरा दिवस उशिरा. मी मास्तर. अख्खं राज्य दप्तरं भरत असतं तेव्हा आम्ही बॅगा भरायला मोकळे. आणि नेमके तेव्हाच हॉटेलवाले फोनवर ‘सर, सर’ करायला लागतात.

पहिल्या वर्षी गोवा केला. खोली अर्ध्या भाड्यात, खिडकीत समुद्र. पण किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले, वाळूत लाल बावटा आणि घोट्याएवढ्या पाण्यात शिरलं तरी जीवरक्षकाची शिट्टी. मासळीचं विचारलं, तर ट्रॉलर जूनपासून दोन महिने बंद. उपासाच्या माणसानं पंगत पाहावी तसा आम्ही चार दिवस समुद्र पाहिला. पुढच्या वर्षी महाबळेश्वर. तिथं विल्सन पॉइंट पाहिला, आर्थर सीट पाहिलं, आणखी चार पॉइंट पाहिले. सगळे सारखेच निघाले: पांढरे. गाइड धुक्याकडे बोट दाखवून दरीचं वर्णन करत होता आणि मी मनात म्हणत होतो, इतकं पांढरं तर आमच्या भट्टीवर फुकट दिसते, बापा.

तरी अक्कल आली नाही. मेलबर्नच्या भाच्याचा फोन आला, “मामा, जूनमध्ये या. तिकीट स्वस्त आहे, इकडे ऑफ-सीझन.” तिकडे जून म्हणजे भर हिवाळा, हे भूगोलात मी पोरांना पंचवीस वर्षं शिकवलेलं. पण शिकवणं वेगळं आणि मे महिन्यात वणीच्या बाजारात स्वेटर मागणं वेगळं. बाहेर तपन अशी, की डांबरावर चप्पल चिकटे. दुकानदार कूलरसमोर बनियनवर बसलेला. मी म्हटलं, “लोकरीचे मोजे आहेत का? आणि कानटोपी?” त्यानं माझ्याकडे पाहिलं, उठला, माठातलं पाणी आणून दिलं आणि बायकोला हळूच म्हणाला, “वहिनी, भाऊले ऊन लागलं वाटते. खिशात कांदा ठेवत जा न जी त्याइच्या.”

मेलबर्नला पाच वाजता अंधार. चार कपडे अंगावर चढवून मी भाच्याच्या हीटरसमोर बसून राही. आयुष्यातला पहिला जून, ज्यात मी उबेसाठी पैसे मोजले! दुपारी तासभर ऊन पडलं, की अंगणात सरड्यासारखा पाठ शेकत उभा. शेजारची गोरी आजी रोज हात हलवायची. हा पाहुणा ऑस्ट्रेलिया पाहायला आलाय की कुंपण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नसावं.

तिथंच मला व्याख्या सुचली. ऑफ-सीझन म्हणजे ज्यासाठी जायचं ते वगळून उरलेलं सगळं अर्ध्या किमतीत.

भाचा म्हणाला, “मामा, तसं नाही. उन्हाळ्यात उकाडा पाहायलाच जाणारे लोक आहेत.” त्यानं कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचे फोटो दाखवले. १० जुलै १९१३ रोजी तिथं ५६.७ अंश नोंदले गेले. आजही भर जुलैत जगभरातले लोक तिथल्या तापमानाच्या पाटीशेजारी उभे राहून, दात काढून फोटो घेतात. मला वाटलं, हात्तिच्या! आमच्या पलीकडे चंद्रपूरचा पारा मे २०१९मध्ये ४७च्या वर गेला, तेव्हा आम्ही दारं लावून पन्हं पीत बसलो. एक पाटी लावायचं कोणालाच सुचलं नाही. तसं ताडोबाच्या वाघाला मात्र हे गणित पक्कं ठाऊक. मे महिन्यात तो पाणवठ्यावर येऊन बसतो आणि बसल्या जागी आपला सीझन करून घेतो.

त्याच चर्चेचं फळ म्हणून पुढच्या मे महिन्यात भाचा राजूरला हजर. तिकीट स्वस्त! एरवी तो डिसेंबरात यायचा, हुरडा खाऊन जायचा. आल्या आल्या घरातला एकमेव कूलर मानाच्या पाहुण्याकडे वळला आणि आम्ही बाकीचे वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो. रस, कुरड्या खाऊन तो दुपारी बारा ते सहा फरशीवर पाठ टेकून पडे. संध्याकाळी दाराच्या चौकटीवरच्या थर्मामीटरशेजारी फोटो. रात्री गच्चीवर. सकाळी उठला तेव्हा वारा भट्ट्यांकडून वाहत होता, हे आम्हाला लगेच कळलं.

आईनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, त्याचं पांढरं झालेलं तोंड निरखलं.

“काहून रे, एवढ्या तपनात कोणी येते काय?”

“आजी, तिकीट अर्ध्यात मिळालं.”

आईनं पदरानं त्याचा गाल पुसला, बोट पाहिलं आणि म्हणाली, “तरीच. चुना लावाले तिकीटवाल्यानं तुले थेट राजूरलेच धाडलं!”