आज मादी फूल आलंय!

सकाळी साडेसहाला आमच्या डोक्यावर, म्हणजे गच्चीवर, पावलांची लगबग सुरू झाली की बायको म्हणते, "उठा, मुहूर्त लागला." वर वेलकाका हातात चित्रकलेचा ब्रश घेऊन, भटजींच्या गांभीर्याने, एका पिवळ्या फुलातले पराग दुसऱ्या पिवळ्या फुलाला लावत असतात. नरफुलं आधी येतात आणि ढिगाने येतात. मादी फूल मागाहून, एखादंच, पोटाशी इवलंसं फळ धरून. तेही एका दिवसाचं पाहुणं. त्यामुळे "आज मादी फूल आलंय!" अशी आरोळी जिन्यातून उठते. समोरच्या नव्या भाडेकरूंनी पहिला आठवडाभर मुलांना गच्चीवर पाठवलं नव्हतं. सख्ख्या भाच्याच्या साखरपुड्याला काका याच कारणाने दोन तास उशिरा पोचले, आणि व्याह्यांना कारणही त्यांनी हेच सांगितलं.

असे वेलकाका पुण्यात हल्ली दर दोन-तीन इमारतींमागे एक सापडतात. निवृत्ती, गच्ची आणि अमेरिकेतला पुतण्या एकत्र आले की माणसाला खरबूज होतं. आधी मिरची, टोमॅटो अशी किरकोळ लक्षणं दिसतात, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं.

खाण्याशी याचा काही संबंध नाही. खरबूज काकांना फारसं आवडतही नाही. आवडतं ते दुसऱ्या कुणाकडे नसलेलं खरबूज. "मार्केट यार्डात ढीग पडलेत की!" असं म्हणणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत. उलट जपानात २०१९ साली युबारीच्या दोन खरबुजांना लिलावात पन्नास लाख येन मिळाले, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. खरबूज कापताना बाबर रडला होता, हे बाबरनाम्यात आहे असंही ते सांगतात. काकू म्हणतात, "खर्चाचा हिशेब आठवला असेल."

हिशेब काकूच ठेवतात. ग्रो बॅगा, कोकोपीट, फळमाशीचे सापळे, शिवाय रसातली साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर नावाचं यंत्र. गेल्या उन्हाळ्याचं उत्पन्न: दोन नग. त्यातला एक खारीने आधीच मोजला होता. फळं वेलीवर तोलून धरायला झोळ्या लागतात, त्या काकूंच्या जुन्या साड्यांच्या. एका संध्याकाळी ओळीने टांगलेल्या त्या झोळ्या पाहून माझ्या आईने गहिवरून विचारलं, "बारसं कुणाचं गं?"

जपानातल्या झेंत्सुजी गावात काचेच्या साच्यात चौकोनी कलिंगडं वाढवतात, हे वाचून काकांनी अॅक्रिलिकचा डबा करून आणला. फळ डब्यापेक्षा लहानच राहिलं. आत ते गोलच्या गोल गडगडत असे.

सर्वांत मोठं दुःख 'मून अँड स्टार्स'चं. गडद हिरव्या सालीवर पिवळे ठिपके, एखादा मोठा चंद्राएवढा, बाकीच्या चांदण्या, असं हे अमेरिकन कलिंगड. त्याची पानंही तशीच ठिपक्यांची असतात, आणि तीच त्याची ओळख. काका चार दिवस गावाला गेले. सोसायटीच्या माळ्याने पिवळी पडलेली पानं पाहिली, व्हायरस ओळखला आणि बाकीची झाडं वाचवण्यासाठी वेल मुळासकट उपटून जाळून टाकली. बक्षिसाच्या आशेने तो काकांची वाट पाहत गेटवर उभा होता.

यंदा गणपतीनंतर 'कजरी' लावलं. पट्टेदार, देखणं खरबूज. मूळचं पंजाबचं, पण बी अमेरिकेतून आलेलं, म्हणून प्रतिष्ठित. पंजाबातून थेट आलं असतं तर काकांनी ते कुंडीत तरी घातलं असतं का, मला शंका आहे. परतीच्या पावसात पानांवर भुरी चढली. दिवाळीपर्यंत टिकलं एकच फळ: लिंबाएवढं, हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं. काका रोज त्याचा घेर मोजत. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मात्र पाहुण्यांच्या गडबडीत मोजायचं राहिलं.

पहाटे अभ्यंगस्नान उरकून काका तुळशीपाशी आले. अंधारात पणतीशेजारी कारीट मांडलेलं होतं. त्यांनी रिवाजाप्रमाणे "गोविंदा!" म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते फोडलं, रस बोटाने जिभेला लावला आणि तसेच थबकले.

"अगं, हे कडू कसं नाही? काकडीसारखं लागतंय."

"बाजारात कारीट दहाला दोन सांगत होता," आतून काकू म्हणाल्या. "म्हटलं, वर घरचं आहे की एक."

खाली आम्हाला बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने काकांचा, जरासा उजळलेला:

"चार! अगं, साखर चार टक्के होती!"